इस्मिथांची भावकी

आमचं आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही. वऱ्हाडात कुठेही उभं राहून दगड भिरकावला, तर तो आमच्या आडनावाच्या माणसाला लागेल, नाही तर त्याच्या बैलाला. पण त्या मेल्या आडनावापायी एका हिवाळ्यात माझा जीव टांगणीला लागला होता, आणि त्यात सातासमुद्रापलीकडच्या एका आडनावाने हात घातला, ते मात्र सांगते. ते आडनाव स्मिथ. आमच्या ओट्यावर त्याला इस्मिथ म्हणत. जसं इस्टेशन, जसं इस्कूल, तसा इस्मिथ.

महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमचं गाव चिखलीच्या अलीकडे, एसटीच्या रस्त्यापासून थोडं आत. माझ्या बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. अक्षर दिसत नव्हतं, पण वर्तमानपत्राचा नाद सुटत नव्हता. जिल्ह्याचं एक साप्ताहिक बुलढाण्याहून निघे आणि चिखलीच्या बाजारावरून येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीत बसून गावात येई. मी सातवी पास. घरात न अडखळता वाचणारी मी एकटीच. म्हणून दिवेलागणीच्या आधी ओट्यावर वाचन चाले. बाबा खांबाला टेकून बसत, शेजारचे दोघं-तिघं येत, आणि भाता बंद करून गावचा लोहार येई. मी उंबऱ्यात बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. लग्नाच्या पोरीने पुरतं बाहेर बसायचं नाही, असा आमच्याकडे कायदा होता. आवाज मात्र बाहेर गेलेला चालत असे.

आता बाबांबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्यांची शेती बेताची, पण मान मोठा. कारण त्यांना आडनावं पाठ होती. कोणतं आडनाव मूळ कोणत्या गावचं, त्यांचा देव कोणता, लग्नात पुजायचं कुळाचं देवक कोणतं, कोणती शाखा कोणाशी भांडून कुठे जाऊन राहिली, सगळं डोक्यात. पंचक्रोशीत सोयरीक जुळवायची असली, की लोक आधी आमच्या ओट्यावर येत. बाबांचा पहिला नियम दगडावरची रेघ होता: एक आडनाव म्हणजे एक भावकी, आणि भावकीतली पोरगी म्हणजे बहीण. तिथे लग्नाचं नाव काढायचं नाही.

मरणाचे नियमही त्यांनाच विचारत. भावकीत कोणी गेलं, की सुतक धरायचं. देवाला हात लावायचा नाही, घरात शुभकार्य करायचं नाही. सोयऱ्यांना सुतक नसतं. सोयऱ्यांनी तेरवीला टोपी-दुपट्टा घेऊन जायचं, दुःखातल्या माणसाच्या डोक्यावर नवी टोपी ठेवायची आणि त्याला पुन्हा चारचौघांत आणायचं. भावकीने टोपी न्यायची नाही. एकदा एक माणूस चुलतभावाच्या तेरवीला हौसेने टोपी घेऊन निघाला, तर बाबांनी त्याला आमच्या दारातूनच परत फिरवलं होतं. म्हणाले, "अरे, जो सोता दुखात हाय, तो दुसऱ्याचं दुख काय उतरवीन? ते काम सोयऱ्याचं. ठेव ते टोपी घरी." तो बिचारा खजील होऊन गेला.

असा माणूस, आणि त्याच्या कानावर इस्मिथ पडला.

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर जगातल्या बातम्या असत. मला त्याच वाचायला आवडायच्या. विहीर खोदली आणि सभापतींनी फीत कापली, यात काय वाचायचं? एका आठवड्यात विलायतेच्या क्रिकेटच्या बातमीत स्मिथ आला. पुढच्या खेपेला एका जहाजाचा कप्तान स्मिथ निघाला. मग कुठल्या बर्फाच्या डोंगरावर हरवलेला स्मिथ. मग एक स्मिथ पेढी फोडून पळाला. बाबा ताठ बसले.

"मोठी भावकी दिसते बाप्पा! पन एक चोर निघाला, त बाकीच्यायची मान खाली गेली असन."

"कप्तानानं समजावलं नसन का त्याले?" लोहाराने विचारलं.

"कप्तान पान्यात. तो कवा समजावीन?" मग बाबा माझ्याकडे वळले. "मूळ गाव कोनतं हाय व यायचं?"

"लिहेल नाही बाबा."

"बापाचं नाव?"

"तेबी नाही. वरच्या ओळीत एकदा पुरं नाव टाकते, मंग खाली नुसतं आडनाव. स्मिथ पडला, स्मिथ उठला, स्मिथ म्हणाला."

"असं कोनी बातमी लिहिते का? नाव नाही, गाव नाही, निस्तं इस्मिथ! उद्या माही बातमी आली, त नुसतं आडनाव टाकून मोकळे होतीन. लोकायनं समजावं कोन? आडनाव काय, ढीगभर हायेत. मानूस वळखावा त गावावरून, बापावरून. आडनावानं मानूस वळखू येत नाही."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते माझ्या कामाचं आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

त्यात भर अशी, की छापखाना कधी स्मिथ छापी, कधी स्मित. एकाच बातमीत वर स्मिथ, खाली स्मित. बाबांचा जीव त्यातच अडकला. आमच्याकडे भाऊ भाऊ वेगळे झाले, की एखाद्याचं आडनावही जरासं वाकडं होतं, तसं हे असावं असा त्यांचा कयास. स्मिथ थोरल्याचे, स्मित धाकट्याचे. पेढी फोडणारा धाकट्याकडचा असणार, असंही त्यांनी ठरवून टाकलं. ते स्वतः थोरले होते, म्हणून.

पुढे डोळे दाखवायला मी त्यांना बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही, थांबा. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. वरच्या पठारावरचा वारा अंगाला झोंबत होता, परतीची एसटी दुपारची. ते म्हणाले, "चाल, त्या छापखान्यात जाऊ. इस्मिथचं इचारून येऊ."

कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. आतल्या खोलीत खिळे जुळवणारे दोघं उभे, बाहेरच्या खोलीत टेबलावर इंग्रजी पेपर पसरून एक तरुण बसलेला. बोटांना शाई, सदऱ्याच्या बाहीला शाई, कानाच्या पाळीलाही शाई. बाबांनी रामराम केला आणि एकदम विचारलं, "शेवटच्या पानावरचे इस्मिथ कोन लिहिते?"

तो घाबरून उभाच राहिला. "मी लिहितो. काही चुकलं काय काका?"

"चुकलं नाही. हे इस्मिथ कोन्या गावचे हायेत, तेवढं सांग."

दुसरा कोणी असता तर हसला असता. हा हसला नाही. त्याने बाबांना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं आणि आतून पाणी आणलं. मग तोही तितक्याच उत्साहाने सांगू लागला. पहिलं म्हणजे, ते थही नाही आणि तही नाही. जीभ वरच्या दातांखाली जरा पुढे धरायची आणि नुसती हवा सोडायची. बाबांनी लगेच जीभ बाहेर काढली. त्यांचे समोरचे दोन दात पडलेले. हवा बरोबर सुटली.

"वा काका! हे तर थेट साहेबावानी आलं. आमच्या मास्तरालेही असं येत नव्हतं."

बाबा काय फुलले म्हणता! बसल्या बसल्या चार वेळा म्हणून दाखवलं. मीही तोंडाला पदर लावून म्हणून पाहिलं. त्याने ते पाहिलं आणि मान खाली घातली, पण ओठ हसत होते.

"मंग स्मित काऊन छापता?" मी विचारलं. मला बोलायचं कारण नव्हतं, पण आठवड्याला ते वाचताना जीभ माझी अडखळत होती.

"थचे खिळे झिजले जी. दोन-चारच चांगले राह्यले. 'थोर' आणि 'थाटात' यातच ते सरतात. मग स्मिथच्या वाट्याले त येतो."

थोरल्या-धाकट्याची भानगड तिथेच मिटली. मग बाबांनी मुद्द्याला हात घातला. नुसतं आडनाव काऊन? तो म्हणाला, जागा कमी, आणि इंग्रजी पेपरची तीच रीत. एकदा नाव सांगितलं, की पुढे आडनावावर भागवतात. दोन स्मिथ एकाच बातमीत आले, की मात्र त्याची रात्रभर पंचाईत होते.

"पन इतके इस्मिथ एका बापाचे?"

"नाही काका, एका बापाचे नाहीत. स्मिथ म्हणजे लोहार. त्यांच्याकडे गावोगाव लोहार होते, तेवढे सारे स्मिथ झाले. या गावच्या स्मिथचा त्या गावच्या स्मिथशी काही संबंध नाही. नातं नाही, गोतं नाही. एका स्मिथची पोरगी दुसऱ्या स्मिथच्या घरी देतात."

"देतात?" बाबा खुर्चीच्या कडेला आले. "इस्मिथची इस्मिथच्या घरी?"

"हाव. खुशाल."

बाबा मांडीवर थाप मारून हसले. त्यांना हे नवं ज्ञान जिलेबीसारखं गोड लागलं. मग त्यांनी त्या तरुणाला नीट विचारपूस करायला सुरुवात केली. शिक्षण किती? मॅट्रिक होऊन कॉलेजचं एक वर्ष. शेती? थोडी, भाऊ पाहतो. व्यसन? चहाचं. लग्न? नाही झालं. हे ऐकल्यावर बाबांनी अंदाजाने माझ्या दिशेला मान वळवली. मला सगळं कळलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला होता. म्हाताऱ्या माणसाच्या वेड्यासारख्या प्रश्नाला ज्याने न हसता उत्तर दिलं, तो बायकोच्या प्रश्नालाही देईल, असं मला तिथे स्टुलावर बसल्या बसल्या वाटलं.

एरवी बाबा आधी आडनाव विचारत, मग पाणी पीत. त्या दिवशी इस्मिथच्या नादात राहून गेलं होतं. आता त्यांनी विचारलं, "आन आडनाव काय म्हनलं तुहं?"

त्याने सांगितलं. आमचंच.

"गाव?"

"सोनाळा. पार तिकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी."

बाबा उठले, चाचपडत टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "अरे लेका! मंग तू त आपलाच! आधी काऊन नाही सांगतलं? पोरी, हा तुहा भाऊ झाला."

त्या थापेचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्या कानाच्या पाळीवरच्या शाईकडे. एसटीत बाबा उतरेपर्यंत जीभ बाहेर काढून स्मिथ म्हणत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले. वारा डोळ्यांत जातो, असं सांगितलं.

त्या दिवशी ओट्यावर बाबांनी इस्मिथची सगळी हकीकत सांगितली. लोहार म्हणाला, "म्हंजे मी बी इस्मिथच की! उद्यापासून मले साहेब म्हना." आणि हसून हसून लोळायची पाळी आली. मी एकटी हसले नाही. इतकं सोपं असताना यांना दिसत कसं नाही, हाच विचार.

भावकी सापडल्याचा बाबांना फार आनंद. ते त्याला निरोप धाडून बोलवू लागले. कुठल्या शाळेचं उद्घाटन, कुठल्या बंधाऱ्याची पाहणी, तो या बाजूला बातमीला आला की आमच्याकडे जेवून जाई. बाबांशी तासन्‌तास आडनावांवर बोले. विलायतेतले सुतार, कुंभार, गिरणीवाले यांची आडनावं काय, ते सांगे, आणि बाबा इकडच्या पाटील-देशमुखांचं सांगत, की हे तर हुद्दे, यांच्यात शंभर भावक्या. मी भाकरी वाढायची. "भावाले लोनी वाढ व," बाबा म्हणत. मी लोणी असं आपटायची, की ताट वाजे.

राखीला तर कहर झाला. बाबा सकाळीच म्हणाले, आज तो येईन, राखी आनून ठेव. मी सकाळी शेतात गेले ते दिवस मावळल्यावरच आले. तो येऊन, वाट पाहून गेला होता. पुढे मला कळलं, की आमच्या दारात पाऊल ठेवायच्या आधी त्याने उजव्या मनगटाला फडकं गुंडाळून घेतलं होतं आणि हात मुरगळला म्हणून सांगितलं होतं. ते ऐकलं आणि मी गोठ्यात जाऊन एकटीच हसले. मग रडलेही. म्हणजे दोन्हीकडे सारखंच होतं. आणि दोघांनाही बाबांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती.

दिवाळी झाली आणि मलकापूरकडचं स्थळ आलं. सरकीचा व्यापार, मोठं घर, माणसं बरी. मुलात खोट काढायला जागा नव्हती, हाच त्याचा मोठा दोष. बाबांनी आडनाव तपासलं, देवक तपासलं, सगळं बसलं. साक्षगंध कधी करायचं, एवढाच निरोप यायचा होता. साक्षगंध म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्नच. ते झालं की मागे फिरता येत नाही.

अशात एका संध्याकाळी मी शेवटचं पान उघडलं. अगदी खाली, कोपऱ्यात, चार ओळींची बातमी होती. विलायतेतल्या एका गावात स्मिथ आडनावाच्या मुलीचा स्मिथ आडनावाच्या मुलाशी विवाह झाला. दोन्ही घरांचं परस्परांशी नातं नसून, मुलीला आडनाव बदलण्याचा त्रास वाचला, असं त्यात छापलेलं. आणि बातमीतला प्रत्येक थ सुबक, एकही त नाही. आठवडाभर थोरांना आणि थाटाला उपाशी ठेवून कोणीतरी चांगले खिळे या चार ओळींसाठी राखले होते. ते कोणी राखले आणि कोणासाठी, हे मला सांगायला नको होतं. चारही ओळी मी थावर जोर देऊन वाचल्या.

लोहार म्हणाला, "बरं झालं. पोरीले कागदपत्र बदलाचं काम नाही."

मी संधी साधली. "बाबा, आपल्या आडनावाचीबी गावं किती हायेत? हे सारे एकाच बापाचे असतीन का?"

"त्यायचं त्यायच्यापाशी," बाबा म्हणाले. आवाज एकदम थंड. "ते इस्मिथ हायेत. आपन मानसं हाओत. जास्त अक्कल पाजळू नको, पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं. सरकीचा भाव होता.

मग पुढच्या खेपेचा अंक आला. आतल्या पानावर चौकटीत निधनवार्ता होती. आमच्या कार्यालयातील सहकारी, पुढे आमचं आडनाव, यांचे आजोबा सोनाळा येथे वृद्धापकाळाने निवर्तले. मी वाचलं आणि थांबले.

"अरेरे," बाबा म्हणाले. "आपल्या छापखान्यातल्या पोराचा आजा गेला. पिकलं पान होतं. तेरवीचं कळन मंग." घोंगडी सावरून घेत ते ओट्यावरच्यांना म्हणाले, "मलकापूरवाल्यायचा मानूस येऊन गेला. येत्या आठवड्यात साक्षगंध करू म्हनतेत. तुमी सारे या." मग मला म्हणाले, "सांज झाली. जा, देवापाशी दिवा लाव."

येत्या आठवड्यात! मला सांगितलंही नव्हतं. मी पेपराची घडी घातली आणि जागची हलले नाही.

"दिवा नाही लावत मी."

"काऊन?"

"सुतक हाय."

"कोनाचं व?"

"भावकीचं. सोनाळ्याचा आजा गेला ना? तुमीच म्हनले, तो आपला, माहा भाऊ. मंग त्याचा आजा आपला कोनी नाही का? सुतक धरा. देवाले हात लावू नका. आन सुतकात साक्षगंध होत नाही, हे त तुमीच साऱ्या गावाले सांगता."

बाबांचा चेहरा लाल झाला.

"येडी झाली का? त्यायचं गाव कुठं, आपलं गाव कुठं! नातं ना गोतं. त्यायच्या देवाचा पत्ता नाही, देवकाचा पत्ता नाही. कोन्या सोनाळ्याच्या मानसाचं सुतक मी काऊन धरू? एक आडनाव असलं म्हून का—"

आणि ते थांबले. स्वतःचं बोलणं त्यांना स्वतःलाच ऐकू आलं होतं. लोहाराने खोकल्यासारखं केलं आणि दुसरीकडे पाहिलं. आता तोंड उघडलंच होतं.

"आडनावानं मानूस वळखू येत नाही, हेबी तुमीच म्हनलं. एकदा निवाडा करा बाबा. भाऊ असन, त सुतक धरा आन साक्षगंध थांबवा. नसन, त..."

आतून माय बोलली. ती चुलीपाशी होती, इतके दिवस या सगळ्यात तिने एक शब्द काढला नव्हता. "बोला ना आता. गावाचा निवाडा करता, घरचा करा."

बाबा उठले, भिंत चाचपडत आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलकापूरला निरोप धाडला, की घरी अडचण आहे, थांबा. आणि देवाची पूजा केली नाही. तो दिवस गेला, त्याच्या पुढचाही गेला, देव तसेच. आता माझं धाबं दणाणलं. सुतक धरलं म्हणजे निवाडा झालाच की! तो कायमचा भाऊ झाला. मीच विणलेला फास माझ्याच गळ्यात बसला. साक्षगंध काय, सुतक सरलं की होणारच. मायला म्हणाले, "मी कायले बोलली व?" ती म्हणाली, "आता बोलून गेली ना? मंग गप राह्य, आन तांदूळ निवड."

बाबा माझ्याशी बोलत नव्हते. पण घरी स्वस्थही बसत नव्हते. शेजारच्याचा हात धरून कुठे कुठे जाऊन येत. एकदा देऊळगावच्या बाजूला गेले, एकदा चिखलीला एका म्हाताऱ्याकडे दिवसभर बसून आले. कशाला जाता, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. पेपर आला तो तसाच घडीत राहिला. ओट्यावर कोणी इस्मिथचं नाव काढेना.

मग एका सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते आणि घरातून घंटा ऐकू आली. देवाची घंटा. मी तशीच, शेणाच्या हातांनी, दारापर्यंत आले. बाबा आंघोळ करून, ओलेत्याने देवापुढे बसले होते. चाचपडत एकेक देव ताम्हनात घेत होते, आणि पाणी निम्मं बाहेर सांडत होतं. सुतक मोडलं, की सरलं? मला दिवसांचा हिशेब करायचं भान नव्हतं. विचारायची हिंमत तर त्याहून नव्हती.

त्याच दिवशी ते चिखलीच्या बाजाराला गेले आणि संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन परतले. मायला म्हणाले, "उद्या सोनाळ्याले जातो. तेरवी हाय. पहाटची एसटी धरतो."

तेरवीला भावकीही जाते आणि सोयरेही जातात. त्यातून काय समजायचं? मी चुलीपाशी बसून राहिले. मायने त्यांचं धोतर, सदरा पिशवीत भरायला घेतला आणि पिशवी उघडल्यावर तिचा हात तसाच राहिला. तिने मला डोळ्यांनी बोलावलं. आत धोतराच्या घडीएवढी जागा सोडून कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने कागद जरासा बाजूला केला. कोरी पांढरी टोपी होती, आणि तिच्याखाली दुपट्टा.

बाबांना दिसत नव्हतं, पण कागदाचा आवाज ऐकू आला. ते खांबाला टेकून बसले होते. त्यांनी आमच्याकडे न वळताच सांगितलं, "देवक निराळं हाय त्यायचं. इचारून आलो."

कागदाचा आवाज तिथेच थांबला. मग बाबा चिडून म्हणाले, "अशा काय पाहून राह्यल्या दोघी? सोयऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ काय?"